तीन टिंबांचा हिशेब: इंग्रजीत लोपचिन्ह कुठे, किती आणि कसं द्यायचं

इंग्रजी ई-मेल लिहिताना आपल्याकडे सर्वांत सढळ हातानं वापरलं जाणारं चिन्ह म्हणजे टिंबांची रांग. कधी दोन, कधी पाच, कधी बोट कीवर टेकलेलं राहील तितकी. स्वल्पविराम द्यायचा की पूर्णविराम हे ठरेना, टिंबं द्या. वाक्य कसं संपवावं सुचेना, टिंबं द्या. जरा नम्र वाटावं, तरी टिंबंच. इंग्रजीत मात्र या चिन्हाला, म्हणजे इलिप्सिसला, मुख्य कामं दोनच आहेत. एक, दुसऱ्याचा मजकूर उद्धृत करताना मधले शब्द गाळले आहेत हे सांगणं. दुसरं, बोलणारा अडखळला किंवा त्याचं वाक्य अर्ध्यावर विरून गेलं हे दाखवणं.

शाळेत मराठी व्याकरणात लोपचिन्ह शिकतो ते दुसऱ्या कामापुरतं: ‘मी तिथे गेलो होतो, पण...’ अशा वाक्यासाठी. त्यामुळे पहिल्या कामाची शिस्त अंगवळणी पडत नाही, आणि प्रबंध, शोधनिबंध किंवा कायद्याचा मसुदा इंग्रजीत लिहायची वेळ आली की घोळ होतो. तिथे टिंबं किती, त्यांच्यात जागा किती आणि त्यांच्या आजूबाजूला कोणतं विरामचिन्ह राहील, याला ठरलेले नियम आहेत. आधी ते पाहू. नियम सगळे एकाच गोष्टीतून निघतात: टिंबं दिली म्हणजे ‘इथे मूळ लेखकाचे शब्द होते, ते मी काढले, पण त्याच्या म्हणण्याला धक्का लावलेला नाही’ अशी हमी दिली.

(खालची इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. टिंबं, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा मात्र इंग्रजीत लागतात तशाच ठेवल्या आहेत. कॅपिटल अक्षरं देवनागरीत दिसत नसल्यानं त्यांच्याबद्दल वेगळं सांगितलं आहे.)

गाळलेले शब्द दाखवताना

नमुन्यासाठी १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत पंडित नेहरूंनी केलेल्या भाषणाची सुरुवात घेऊ:

“लाँग इयर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी, अँड नाऊ द टाइम कम्स व्हेन वी शॅल रिडीम अवर प्लेज, नॉट होल्ली ऑर इन फुल मेजर, बट व्हेरी सबस्टॅन्शियली. ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम. अ मोमेंट कम्स, विच कम्स बट रेअरली इन हिस्ट्री, व्हेन वी स्टेप आउट फ्रॉम द ओल्ड टू द न्यू . . . .”

दुसऱ्या वाक्यातला ‘व्हेन द वर्ल्ड स्लीप्स’ हा तुकडा नको आहे असं धरा. वाक्याच्या पोटातले शब्द गेले, म्हणून टिंबं तीन:

“ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, . . . इंडिया विल अवेक टू लाइफ अँड फ्रीडम.”

‘अवर’नंतरचा स्वल्पविराम राहिला आहे, तो मुद्दाम. मधला तुकडा गेला तरी ‘ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर’ हा प्रास्ताविक भाग आणि मुख्य वाक्य यांच्यामध्ये इंग्रजीला स्वल्पविराम लागतोच. उरलेल्या वाक्याला विरामचिन्हाची गरज असेल तर ते ठेवायचं, नसेल तर काढायचं. गाळलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे दोन्ही स्वल्पविराम मात्र कधीच ठेवायचे नाहीत. ‘अवर, . . . , इंडिया’ असं लिहिलेलं पुष्कळदा दिसतं आणि ते चूक आहे.

आता मधलं अख्खं वाक्य गाळू. इथे टिंबं चार होतात, आणि अनेकांना हीच गोष्ट कोड्यात टाकते:

“नाऊ द टाइम कम्स व्हेन वी शॅल रिडीम अवर प्लेज, नॉट होल्ली ऑर इन फुल मेजर, बट व्हेरी सबस्टॅन्शियली. . . . अ मोमेंट कम्स, विच कम्स बट रेअरली इन हिस्ट्री”

चार टिंबांचं वेगळं चिन्ह इंग्रजीत नाही. पहिलं टिंब हा पहिल्या वाक्याचा नेहमीचा पूर्णविराम, म्हणून तो ‘सबस्टॅन्शियली’ला चिकटून आहे. पुढची तीन हे लोपचिन्ह. हे एकदा कळलं की पाच किंवा सहा टिंबं का असू शकत नाहीत हेही कळतं. मूळ वाक्य प्रश्नचिन्हानं संपत असेल तर पूर्णविरामाच्या जागी प्रश्नचिन्ह येईल आणि त्यानंतर तीन टिंबं. तिथे चौथ्या टिंबाला कामच नाही.

चार टिंबं वापरण्याची एक अट आहे: टिंबांच्या दोन्ही बाजूंना उरतं ते व्याकरणानं पूर्ण वाक्य असलं पाहिजे. ‘लाँग इयर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी’ इथे तोडलंत तर उरलेलं वाक्य पूर्ण आहे, म्हणून ‘डेस्टिनी. . . . ॲट द स्ट्रोक’ चालेल. ‘अँड नाऊ द टाइम कम्स व्हेन’ इथे तोडून चार टिंबं दिलीत तर वाचणारा अडखळतो, कारण पूर्णविराम ‘वाक्य संपलं’ म्हणतो आणि ‘व्हेन’ म्हणतो की अजून बाकी आहे.

नव्या वाक्याची सुरुवात गाळून ते मधूनच उचललं असेल, तर पहिल्या अक्षराचं काय? चार टिंबांनंतर कॅपिटल अक्षर अपेक्षित असतं. मूळात ते लहान असेल तर साध्या लेखनात गुपचूप कॅपिटल केलेलं शिकागो पद्धतीला (अमेरिकी पुस्तक-प्रकाशनात रूढ असलेल्या लेखनशैलीला) चालतं. कायद्याच्या लेखनात चालत नाही. तिथे बदललेलं अक्षर चौकटी कंसात टाकतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे अक्षर मूळचं नव्हे.

अवतरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी टिंबं देण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. ‘नेहरूंनी तिला “ट्रिस्ट विथ डेस्टिनी” म्हटलं’ या वाक्यात अवतरणाच्या आधी आणि नंतर मूळ भाषणात काहीतरी होतं, हे सांगायची गरज नाही. प्रत्येक अवतरणाच्या आधी-नंतर काहीतरी असतंच. अमेरिकी कायदेलेखनाची ब्लूबुक पद्धत तर अवतरणाची सुरुवात लोपचिन्हानं कधीही करू नका असं सांगते. शेवटाला एक अपवाद आहे. तुम्ही वाक्य अर्ध्यावर तोडलंत, पण उरलेला तुकडा स्वतंत्र पूर्ण वाक्यासारखा दिसतोय आणि तुमच्या वाक्याचा शेवटही तिथेच होतोय, तर एमएलए पद्धत (भाषा-साहित्याच्या अभ्यासात चालणारी अमेरिकी शैली) टिंबं मागते. कारण तिथे वाचणाऱ्याचा गैरसमज खरंच होऊ शकतो: मूळ वाक्य इथेच संपलं असं त्याला वाटेल.

ब्लूबुकची आणखी एक बारीक खोच वकिलांना उपयोगी आहे. चार टिंबांच्या आधी मोकळी जागा असेल (‘डेस्टिनी . . . .’) तर त्याच वाक्याचं शेपूट कापलंय असा अर्थ. जागा नसेल (‘सबस्टॅन्शियली. . . .’) तर वाक्य पूर्ण आहे आणि त्यापुढचं काहीतरी गाळलंय. डोळ्याला जेमतेम दिसणारी ती एक जागा, पण न्यायनिर्णयातलं वाक्य कुठे थांबलं यावर युक्तिवाद उभा असेल तर तिची किंमत कळते.

नियम पाळूनही फसवता येतं

आता हे पाहा:

“नाऊ द टाइम कम्स व्हेन वी शॅल रिडीम अवर प्लेज . . . व्हेरी सबस्टॅन्शियली.”

टिंबं तीनच, जागा बरोबर, व्याकरण चोख. आणि तरीही हे अवतरण खोटं आहे. काढलं काय, तर ‘नॉट होल्ली ऑर इन फुल मेजर, बट’, म्हणजे ‘पूर्णतः नाही, सगळ्या मापानं नाही, पण’. फाळणी होत असताना दिलेली ती कबुली गेली आणि मागे उरला निव्वळ विजयाचा सूर. टिंबं बघून वाचणारा समजतो की काहीतरी किरकोळ गेलं असेल. उद्धरणाचं सगळं पाप इथे आहे. टिंब एक कमी पडलं तर परीक्षक लाल खूण करून पुढे जातो. असं अवतरण सापडलं तर तुमच्या बाकीच्या अवतरणांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

म्हणून गाळण्याआधी काही शब्दांना हात लावायचा नाही असं ठरवून टाकावं: नॉट, नेव्हर, ओन्ली, अनलेस, एक्सेप्ट, इफ, मे, सम, ऑलमोस्ट. हे शब्द लहान असतात आणि वाक्याचा तोल त्यांच्यावरच असतो. ‘द ड्रग मे रिड्यूस पेन इन सम पेशंट्स’ यातलं ‘इन सम पेशंट्स’ कापलं की औषध सगळ्यांनाच लागू पडायला लागतं. तपासायची रीत सोपी आहे: मूळ वाक्य आणि तुमचं कापलेलं वाक्य वर-खाली ठेवा, आणि मूळ लेखक खालच्या वाक्याखाली सही करेल का, एवढंच विचारा. उत्तर देताना चाचरलात तर टिंबं सोडून द्या. पूर्ण वाक्य द्या किंवा मतितार्थ आपल्या शब्दांत लिहा. शोधनिबंधात एकाच अवतरणात तीन-तीन ठिकाणी टिंबं दिसली की तिथे मतितार्थच बरा होता असं खुशाल समजावं.

एक वेगळा सापळा आपल्या संविधानाच्या उद्देशिकेचा. आजच्या पाठात ‘सॉव्हरिन सोशलिस्ट सेक्युलर डेमोक्रॅटिक रिपब्लिक’ असे शब्द आहेत. यातले ‘सोशलिस्ट सेक्युलर’ हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आले. कोणी १९४९ चा मूळ पाठ उद्धृत करत असेल तर ‘सॉव्हरिन डेमोक्रॅटिक रिपब्लिक’ असंच लिहायचं, टिंबं अजिबात नाहीत, कारण त्या पाठात तिथे काही नव्हतंच. पण कोणता पाठ हे वाक्यात सांगायलाच हवं. आजचा पाठ उद्धृत करून ते शब्द वगळायचे असतील तर टिंबं हवीत. दोन्हींची गल्लत झाली की वाद उद्देशिकेवर होतो, चूक मात्र अवतरण देण्याच्या पद्धतीतली असते.

भारतीय कायद्याच्या कागदांत तीन टिंबांना दोन चुलतभावंडंही आहेत. न्यायनिर्णयांत आणि याचिकांत मोठा उतारा देताना मधले परिच्छेद गाळले की एका ओळीवर ‘एक्स एक्स एक्स’ असे फुल्यांचे गट टाकतात. आणि कायद्याच्या अधिकृत पाठात दुरुस्तीनं वगळलेल्या शब्दांच्या जागी तारे येतात. संविधानाच्या इंग्रजी पाठात अनुच्छेद १९ चा खंड १ काढून पाहा: उपखंड ए ते ई येतात, एफच्या जागी ताऱ्यांची ओळ दिसते आणि लगेच जी. तिथे मालमत्ता मिळवण्याचा, बाळगण्याचा आणि विल्हेवाट लावण्याचा हक्क होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं तो वगळला. ते तारे तसेच ठेवायचे. त्यांच्या जागी टिंबं दिलीत तर ‘हे मी गाळलं’ असा अर्थ होईल, आणि गाळलंय ते संसदेनं.

कोणाची पद्धत पाळायची

आतापर्यंतच्या उदाहरणांत टिंबांच्या मधे जागा सोडली आहे ती शिकागो, एमएलए आणि ब्लूबुक यांच्या पद्धतीनं. सगळेच तसं करत नाहीत. अमेरिकी वृत्तसंस्था एपीची शैली लोपचिन्हाला तीन अक्षरी शब्दासारखं वागवते: टिंबं एकमेकांना चिकटून, आणि गटाच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा. वाक्य पूर्ण झाल्यावर एपीत आधी पूर्णविराम, मग जागा, मग तीन टिंबं येतात. ऑक्सफर्डची ब्रिटिश पद्धतही तीन टिंबं जवळजवळ आणि दोन्हीकडे जागा अशीच. एपीएची, म्हणजे अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या शैलीची, सातवी आवृत्ती उदार आहे. सुटी टिंबं द्या किंवा वर्ड प्रोसेसरचं तयार चिन्ह द्या, दोन्ही चालतं, फक्त आधी आणि नंतर जागा सोडा.

इंग्रजी साहित्याचे विभाग सहसा एमएलए मागतात, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रात एपीए चालते. तुमच्या विद्यापीठाच्या किंवा नियतकालिकाच्या सूचनांत जे असेल ते धरा. सूचना नसतीलच तर कोणतीही एक पद्धत निवडा आणि शेवटच्या पानापर्यंत बदलू नका. चाळीस पानं ‘. . .’ आणि मग अचानक ‘...’ दिसलं की मजकूर दोन ठिकाणांहून उचलून जोडलाय असा संशय येतो, आणि बहुतेक वेळा तो खरा असतो.

मूळ मजकुरात लेखकाचीच टिंबं असतील तर? तेव्हा तुमची टिंबं चौकटी कंसात, [...] अशी द्यायची, म्हणजे दोन्ही वेगळी ओळखू येतात. मुलाखतींवर काम करणाऱ्या संशोधकांना याची गरज सर्वांत जास्त. शब्दांकनात सहभागी व्यक्ती थांबली म्हणून टिंबं दिलेली असतात, आणि निबंधात उतारा छोटा करताना तुम्हीही टिंबं देता. ‘आय लेफ्ट द जॉब... बिकॉज ऑफ माय मदर-इन-लॉ’ इथे ती बाई थांबली होती की तुम्ही दोन वाक्यं कापलीत, हे निष्कर्षाच्या दृष्टीनं फार मोठं अंतर आहे. चौकटी कंसाचा नियम पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत सांगून ठेवावा.

कवितेतून अख्ख्या ओळी गाळल्या तर ओळीच्या रुंदीइतकी सुट्या टिंबांची एक वेगळी ओळ टाकतात. गणितात नियम निराळा: १, २, ३, ..., १०० या यादीत टिंबांच्या आधी आणि नंतर स्वल्पविराम, आणि टिंबं ओळीच्या तळाशी. बेरजेच्या चिन्हांमधे मात्र तीच टिंबं ओळीच्या मध्यावर येतात. गणिती मजकूर जुळवायच्या लेटेक या प्रणालीत त्यासाठी एलडॉट्स आणि सीडॉट्स अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. तिथे हातानं तीन टिंबं मारलीत तर ती एकमेकांत घुसल्यासारखी दिसतात.

थबकणं, विरून जाणं

कथा, संवाद, पत्रं यांत टिंबं दुसरं काम करतात. हे काम जुनं आहे. इंग्रजी छापील पुस्तकांत अर्धवट तुटलेलं बोलणं चिन्हानं दाखवल्याचं सर्वांत जुनं माहीत असलेलं उदाहरण १५८८ चं आहे: मॉरिस किफिननं टेरेन्स या रोमन नाटककाराच्या ‘आंद्रिया’चा अनुवाद केला त्यात. तिथे टिंबं नव्हती, छोट्या आडव्या रेघा होत्या; टिंबं नंतर आली. रेघ आणि टिंबं एकमेकांच्या कामात आजही लुडबूड करतात ती तेव्हापासूनच म्हणायची.

आज दोघांची वाटणी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. बोलणारा आपणहून विरतो तिथे टिंबं. दुसरा कोणी त्याचं बोलणं तोडतो तिथे लांब रेघ.

“आय थॉट यू वेअर...” ही लुक्ड ॲट द डोअर.

“आय थॉट यू वेअर—”
“डोन्ट से इट.”

पहिल्यात त्यालाच पुढचं बोलवत नाही. दुसऱ्यात त्याला बोलू दिलं नाही. चिन्हांची अदलाबदल केली तर प्रसंग बदलतो: रेघेच्या जागी टिंबं दिली की ‘डोन्ट से इट’ म्हणणारा माणूस शांतपणे वाट बघून बोलल्यासारखा वाटतो. अडखळण्यासाठी वाक्याच्या मधे टिंबं येतात, ‘आय... आय डोन्ट नो’. पण एकाच शब्दावर जीभ अडली तर छोटी संयोगरेषा, ‘बी-बी-बट’.

मुद्दाम अर्धवट सोडलेल्या वाक्याला चौथं टिंब नाही. वाक्य संपलंच नाही, मग पूर्णविराम कसला? प्रश्न असेल तर टिंबांनंतर प्रश्नचिन्ह येतं, आणि टिंबं चिकटवून दिली असतील तर त्या दोघांत जागा नाही.

यादी अपुरी आहे हे दाखवायला टिंबं वापरण्याची खोड मात्र औपचारिक इंग्रजीत खटकते. ‘क्रॉप्स सच ॲज ज्वार, बाजरा, कॉटन...’ यात ‘सच ॲज’नं ही काही उदाहरणं आहेत हे आधीच सांगितलंय. पुढे टिंबं नकोत, ‘एटसेट्रा’ही नको, आणि दोन्ही एकत्र तर नकोच नको.

ई-मेल आणि चॅट

कामाच्या पत्रव्यवहारातला एक ठरावीक नमुना घेऊ:

“डिअर मॅडम... आय हॅव अटॅच्ड द कोटेशन... प्लीज चेक अँड कन्फर्म.... इफ एनी चेंजेस... थँक्स..”

पाच ठिकाणी टिंबं आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्याच कुणाची तरी जागा अडवून बसली आहेत. ‘मॅडम’नंतर हवा होता स्वल्पविराम. ‘कोटेशन’ आणि ‘कन्फर्म’नंतर पूर्णविराम. ‘थँक्स’नंतर पुन्हा स्वल्पविराम आणि खाली नाव. राहिलं ‘इफ एनी चेंजेस’. तिथे विरामचिन्हाचा प्रश्नच नाही, वाक्याचा अर्धा भाग लिहिलेलाच नाही. टिंबांनी ती उणीव झाकली आहे. हवं होतं: “लेट मी नो इफ एनी चेंजेस आर नीडेड.” टिंबं काढायला बसलं की असं अर्धवट लिहिलेलं उघडं पडतं. टिंबांचा खरा तोटा हाच की ती लिहिणाऱ्याला वाक्य पुरं करण्यापासून सूट देतात.

वाचणाऱ्याच्या बाजूनं पाहा. ज्यांनी पत्रं आणि तारा लिहिल्या त्या पिढीला टिंबं म्हणजे दोन विचारांमधली मोकळी जागा वाटते. काका कुटुंबाच्या ग्रुपवर ‘ओके....’ लिहितात त्यात राग नसतो. चॅटवर वाढलेली पिढी विचार वेगळा करायला नवा मेसेज पाठवते, त्यामुळे उरलेली टिंबं तिला अर्थपूर्ण वाटतात: ‘ओके...’ म्हणजे पटलेलं नाही, काहीतरी मनात ठेवलंय. आणि परदेशातल्या ग्राहकानं ‘वी विल डिलिव्हर बाय फ्रायडे...’ वाचलं की त्याला शुक्रवारबद्दलच शंका येते. तारीख, रक्कम, होकार आणि आभार यांच्यामागे टिंब एकच द्यावं.

कीबोर्डवरची भानगड

संगणकाच्या दृष्टीनं तीन सुटी टिंबं आणि ‘…’ हे एकसंध चिन्ह या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकसंध चिन्हाला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरयादीत, २०२६ हा षोडशमान (सोळाच्या पायावरच्या मोजणीतला) क्रमांक आहे, म्हणजे आपल्या दशमान मोजणीत ८२३०. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या अंकपॅडवर ०१३३ मारलं की ते उमटतं. मॅकवर ऑप्शन आणि अर्धविरामाची कळ. वर्डमध्ये तर तुम्ही तीन टिंबं मारलीत की ऑटोकरेक्ट ती स्वतःच एकसंध करतं. गोंधळ इथूनच सुरू होतो: काही ठिकाणी वर्डनं बदललेलं चिन्ह, काही ठिकाणी दुसरीकडून चिकटवलेली सुटी टिंबं, आणि चार टिंबांच्या जागी एक एकसंध चिन्ह आणि पुढे एक भटकं टिंब.

सुटी टिंबं हवी असतील तर ऑटोकरेक्टची ती नोंद काढून टाका: फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि यादीतली तीन टिंबांची ओळ डिलीट. एखाद्याच ठिकाणचं बदलायचं असेल तर वर्डनं बदल केल्या केल्या कंट्रोल-झेड दाबलं तरी पुरतं.

‘. . .’ अशी सुटी टिंबं ओळीच्या शेवटी आली की एक टिंब वर आणि दोन खालच्या ओळीत असं फुटतं. त्यावर उपाय म्हणजे मधल्या जागा न तुटणाऱ्या करणं: वर्डमध्ये स्पेसऐवजी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस, मॅकवर ऑप्शन-स्पेस. मधल्या दोन्ही जागा अशा हव्यात. पहिल्या टिंबाआधीची जागाही तशीच ठेवली तर ओळीची सुरुवात टिंबांनी होत नाही. प्रत्येक वेळी हातानं करण्यापेक्षा ऑटोकरेक्टमध्येच तीन टिंबांच्या बदल्यात हा तयार गट टाकून ठेवावा.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना वेगळीच डोकेदुखी. पायथनमध्ये तीन सुट्या टिंबांना अर्थ आहे. वर्डमधून चिकटवलेलं एकसंध चिन्ह मात्र त्याला अनोळखी अक्षर वाटतं आणि प्रोग्राम तिथेच अडतो. मेन्यूमधल्या टिंबांनाही संकेत आहे: ‘सेव्ह ॲज...’ पुढे टिंबं असतात, कारण त्यावर क्लिक केल्यावर नाव आणि जागा विचारली जाते. नुसत्या ‘सेव्ह’पुढे नसतात, कारण ते लगेच होतं.

एसएमएस पाठवणाऱ्या दुकानदारांनी आणि संस्थांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात ती सात-बिटांच्या एका मर्यादित अक्षरसंचामुळे. ‘…’ हे एकसंध चिन्ह त्या संचात नाही. मजकुरात ते एकदा जरी आलं तरी अख्खा संदेश दुसऱ्या पद्धतीनं जातो आणि मर्यादा ७० वर येते. १५० अक्षरांचा, एका एसएमएसचा मजकूर मग तीन तुकड्यांत जातो, कारण जोडसंदेशात अशा प्रत्येक तुकड्यात ६७ च अक्षरं बसतात. बिल तिप्पट, आणि मजकूर वर्डमधून चिकटवला होता एवढंच निमित्त. तीन सुटी टिंबं दिली तर हे होत नाही, कारण पूर्णविराम त्या संचात आहे.

लेखन संपल्यावरची साफसफाई वर्डमध्ये पाच-दहा मिनिटांची असते. आधी फाइंडच्या चौकटीत कॅरेटचं चिन्ह (^), त्याला लागून इंग्रजी लहान यू आणि ८२३० हा आकडा इंग्रजी अंकांत टाका. सगळी एकसंध चिन्हं एकेक करून सापडतील. ती तुमच्या पद्धतीप्रमाणे बदला. मग यूज वाइल्डकार्ड्सवर खूण करून चौकटी कंसात एक टिंब आणि त्यापुढे महिरपी कंसात इंग्रजी ५ आणि स्वल्पविराम द्या, म्हणजे पाच किंवा जास्त टिंबांच्या सगळ्या रांगा हाती लागतात. अनुक्रमणिका सोडली तर त्या निःसंशय चुका. शेवटी चार टिंबांच्या जागा शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या टिंबाआधीचं वाक्य मोठ्यानं वाचा. ते पूर्ण वाटलं तर ठेवा, लटकलं तर एक टिंब काढा. ‘रिप्लेस ऑल’ मात्र दाबू नका. अनुक्रमणिकेत शीर्षकापासून पानाच्या आकड्यापर्यंत हातानं टिंबं मारली असतील तर ती सगळी त्यात जातात.